नवजात बाळाच्या रक्तातील जंतूंचा वेगवान शोध : नमुन्यापासून निर्णयापर्यंत

नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला आहे की नाही, हे केवळ बाळाकडे पाहून ठरवणे अनुभवी बालरोगतज्ज्ञालाही अवघड जाते. मोठ्या माणसाला हुडहुडी भरते, ताप चढतो आणि कुठे दुखते ते त्याला सांगता येते. तीन दिवसांचे बाळ नुसते दूध ओढेनासे होते, कधी त्याचे अंग तापण्याऐवजी गार पडते, कधी श्वास मिनिटाला ६० च्या वर जातो, तर कधी ते इतके निपचित पडून राहते की घरच्यांना बाळ शांत झोपले आहे असे वाटते. त्या काही तासांत रक्तातले जंतू वाढतच असतात. म्हणूनच या वयात प्रयोगशाळेचे उत्तर लवकर मिळण्याला जेवढे महत्त्व आहे, तेवढे आयुष्यात पुढे क्वचितच असते.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत, वागळे इस्टेटच्या आसपास, कळवा-मुंब्र्यात, तसेच ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ या भागांत अनेक लहान प्रसूतिगृहे आहेत. काहींना जोडून चार-सहा खाटांचा एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता कक्षही असतो, परंतु सूक्ष्मजीवशास्त्राची स्वतःची प्रयोगशाळा बहुतेकांकडे नसते आणि नमुना बाहेर पाठवावा लागतो. हा लेख मुख्यतः अशा ठिकाणच्या डॉक्टरांसाठी, सिस्टरांसाठी आणि टेक्निशियनांसाठी आहे. शेवटचा भाग पालकांसाठी आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि या विषयात माझे मत ठाम आहे : चाचणीचा वेग यंत्राच्या माहितीपत्रकावरील मिनिटांत मोजू नये. बाळाचे रक्त काढल्यापासून योग्य औषध सुरू होईपर्यंत किती तास गेले, तोच खरा वेग. तासाभरात जंतू ओळखणारे यंत्र तुर्भ्याला असले आणि रक्ताची बाटली मानपाड्याच्या प्रसूतिगृहात रात्रभर टेबलावर पडून राहिली, तर त्या यंत्राचा बाळाला काहीही उपयोग झालेला नसतो.

कोणते जंतू शोधायचे आहेत

रक्तात पसरलेल्या गंभीर जंतुसंसर्गाला सेप्सिस म्हणतात. जन्मानंतर पहिल्या ७२ तासांत दिसणाऱ्या संसर्गाला लवकरचा सेप्सिस आणि त्यानंतरच्या संसर्गाला उशिराचा सेप्सिस म्हणतात. पाश्चात्त्य पुस्तकांत लवकरच्या सेप्सिसचे पहिले कारण म्हणून ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस या जंतूचे नाव येते. हा जंतू आईच्या जननमार्गातून बाळाकडे जातो. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या जंतूंपैकी सुमारे २२ टक्के ॲसिनेटोबॅक्टर, १७ टक्के क्लेब्सिएला आणि १४ टक्के ई. कोलाय होते, आणि त्यातील बराचसा संसर्ग पहिल्या तीन दिवसांतच झालेला होता. ॲसिनेटोबॅक्टरपैकी जवळजवळ ८२ टक्के जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला हे प्रामुख्याने रुग्णालयाच्या वातावरणात, ओलसर पृष्ठभागांवर, हातांवर आणि उपकरणांवर टिकून राहणारे जंतू आहेत. याखेरीज स्टॅफिलोकॉकस ऑरियस, त्वचेवर राहणारे कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस म्हणजेच रोजच्या बोलण्यातले 'कॉन्स', आणि कमी दिवसांच्या बाळांत कॅन्डिडा ही बुरशी, एवढी नावे डोळ्यांसमोर ठेवावीत.

ही यादी आधी देण्याला कारण आहे. प्रत्येक वेगवान चाचणीची स्वतःची एक ठरलेली यादी असते आणि त्या यादीबाहेरचा जंतू तिला दिसत नाही. आपल्या भागातले जंतू त्या यादीत आहेत का, हा प्रश्न चाचणी मागवण्यापूर्वी विचारावा लागतो.

बाळ जन्मण्यापूर्वी करता येणारी चाचणी

आईच्या शरीरात ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस आहे का, हे गरोदरपणाच्या ३६ व्या आणि ३७ व्या आठवड्यात तपासण्याची पद्धत अमेरिकेत सर्रास आहे. आपल्याकडे ती सर्व गरोदर स्त्रियांसाठी राबवली जात नाही, तरी आधीच्या बाळाला हा संसर्ग झाला असेल किंवा लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, हा जंतू आला असेल, तर प्रसूतितज्ज्ञांनी त्याची दखल घेतलीच पाहिजे. स्वॅब एकच वापरावा : आधी योनीच्या खालच्या भागातून आणि मग गुदद्वाराच्या आतून. केवळ योनीतून घेतलेल्या स्वॅबमध्ये हा जंतू अनेकदा निसटतो. कल्चरसाठी स्वॅब आधी पोषक द्रवात १८ ते २४ तास वाढवला जातो, त्यामुळे उत्तराला दोन-तीन दिवस लागतात. कळा सुरू झाल्यावर करता येणारी पीसीआर, म्हणजे जंतूची जनुके शोधणारी, चाचणी साधारण तासाभरात उत्तर देते. ती पॉझिटिव्ह आली, तर आईला शिरेतून पेनिसिलिन किंवा ॲम्पिसिलिन देतात आणि प्रसूतीपूर्वी किमान चार तास ते मिळालेले असावे असा प्रयत्न करतात. या चाचणीने क्लेब्सिएला किंवा ॲसिनेटोबॅक्टरविषयी काहीही कळत नाही, हे आईच्या कागदांवर 'निगेटिव्ह' वाचून निर्धास्त होणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

रक्त घेणे : सगळ्यांत दुर्लक्षित पायरी

संशय आला की ब्लड कल्चरचे रक्त आधी घ्यावे आणि लगेच प्रतिजैविकाचा पहिला डोस द्यावा. अहवालासाठी डोस थांबवू नये आणि डोसच्या घाईत रक्त घ्यायचे राहू देऊ नये. ही दोन्ही कामे एकाच ट्रेवर मांडून ठेवली, तर त्यांच्यात काही मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडत नाही. एकदा प्रतिजैविक गेले की रक्तातले जंतू मरत किंवा दबत जातात आणि पुढची सगळी महागडी यंत्रे अर्धी आंधळी होतात.

किती रक्त घ्यावे, यावर माझा सर्वांत जास्त भर आहे. नवजात बाळाच्या ब्लड कल्चरच्या बाटलीत किमान १ मिलिलिटर रक्त गेले पाहिजे. प्रत्यक्षात अनेक बाटल्यांत त्याच्या अर्धेही नसते, कारण इवल्याशा बाळाचे रक्त काढताना हात आखडतो. ही भावना समजण्यासारखी आहे, म्हणून हिशेब मांडून पाहावा. बाळाच्या शरीरात वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. तीन किलोच्या बाळात ते सुमारे अडीचशे मिलिलिटर भरते. त्यातील १ मिलिलिटर दिल्याने बाळ अशक्त होत नाही. उलट, काही बाळांच्या रक्तात एका मिलिलिटरमध्ये जेमतेम चार-पाच जिवंत जंतू असतात. त्यांतला एखादा तरी बाटलीत यायला हवा, आणि थेंबभर रक्तात तो येईलच याची कोणी खात्री देऊ शकत नाही. अशी बाटली पाच दिवस निगेटिव्ह राहिली, तरी बाळाला संसर्ग नव्हता असे ठामपणे म्हणता येत नाही.

बाटली लहान मुलांसाठीचीच वापरावी. तीत साधारण १ ते ३ मिलिलिटर रक्तासाठी योग्य प्रमाणात द्रव असतो. नेमकी मर्यादा बाटलीच्या वेष्टनावर पाहावी. रक्त भरण्यापूर्वी द्रवाच्या पातळीवर पेनाने एक रेघ मारून ठेवली, की किती रक्त गेले ते नंतर कोणालाही दिसते.

त्वचा स्वच्छ करण्यासाठी ७० टक्के अल्कोहोल आणि त्यानंतर पोव्हिडोन आयोडिन किंवा क्लोरहेक्सिडिन वापरतात. औषध लावल्यावर ते आपोआप वाळू द्यावे. फुंकर घालू नये, कापसाने पुसून लगेच सुई टोचू नये. आयोडिन वापरले असेल, तर रक्त घेऊन झाल्यावर ते निर्जंतुक पाण्याने किंवा सलाइनने पुसून काढावे, कारण ते नवजात बाळाच्या त्वचेतून शोषले जाऊन थायरॉइडवर परिणाम करू शकते. खूप कमी दिवसांच्या बाळाची त्वचा इतकी नाजूक असते की अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिनने ती भाजल्यासारखी होऊ शकते. अशा बाळासाठी बालरोगतज्ज्ञ सांगतील तेच द्रावण वापरावे, आणि अंगाखालच्या चादरीवर त्याचे थारोळे साचू देऊ नये. जागा स्वच्छ केल्यानंतर शीर पुन्हा बोटाने चाचपण्याची सवय फार घातक आहे. बाटलीचे टोपण काढल्यावर दिसणारे रबरही अल्कोहोलने पुसून वाळू द्यावे.

रक्त शक्यतो ताज्या टोचणीतून घ्यावे. आधीपासून लावलेल्या कॅथेटरमधून घेतल्यास कॅथेटरला चिकटलेले जंतू आणि रक्तातले जंतू यांत फरक करणे कठीण होते. नाळेतील कॅथेटर नुकताच, निर्जंतुक पद्धतीने घातला असेल, तर त्याच वेळी घेतलेले रक्त चालते. एकाच सिरिंजमधून अनेक तपासण्यांचे रक्त भरायचे असेल, तर कल्चरची बाटली आधी भरावी आणि बाकीच्या नळ्या नंतर भराव्यात.

लेबलविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बाळाचे नाव ठेवलेले नसते, त्यामुळे लेबलवर आईचे नाव येते. जुळे असेल, तर 'पहिले बाळ' आणि 'दुसरे बाळ' हे बाटलीवर लिहिलेच पाहिजे. आईचे नाव, बाळाचा नोंदणी क्रमांक, रक्त घेतल्याची तारीख आणि वेळ, कोणत्या जागेतून घेतले, आणि प्रतिजैविक दिले असल्यास कोणते व कधी, एवढे अर्जावर असावे. बाटलीवरचा बारकोड झाकला जाईल असे लेबल चिकटवू नये, कारण यंत्र तोच बारकोड वाचते.

बाटलीचा प्रवास

ब्लड कल्चरची बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीत काही नाजूक जंतू मरतात आणि बाकीच्यांची वाढ मंदावते. बाटली साध्या तापमानाला ठेवून शक्यतो दोन तासांत, आणि कोणत्याही परिस्थितीत चार तासांच्या आत, प्रयोगशाळेतील स्वयंचलित यंत्रात पोहोचवण्याचे ध्येय ठेवावे. हे यंत्र बाटली ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला हलवत ठेवते आणि जंतू वाढताना तयार होणारा कार्बन डायऑक्साइड दर काही मिनिटांनी तपासते. खऱ्या रोगकारक जंतूंच्या बहुतेक बाटल्या २४ ते ३६ तासांत पॉझिटिव्ह होतात. मात्र हे घड्याळ बाटली यंत्रात गेल्यापासून सुरू होते. ती बारा तास बाहेर पडून राहिली, तर तेवढा उशीर तर होतोच, शिवाय बाहेरच जंतूंची वाढ होऊन थांबली असल्यास यंत्राला वाढीचा बदल जाणवतच नाही आणि अहवाल चुकीने निगेटिव्ह जाऊ शकतो.

आपल्या भागात हे अंतर नकाशावर लहान आणि रस्त्यावर मोठे असते. कासारवडवलीहून कापूरबावडीपर्यंत संध्याकाळी किती वेळ लागतो, हे घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर पाणी साचले की तीच गत होते. त्यात नमुने गोळा करणाऱ्या मुलाच्या फेऱ्या सहसा सकाळी आणि दुपारी ठरलेल्या असतात. रात्री साडेदहाला घेतलेले रक्त सकाळी नऊच्या फेरीत गेले, तर वाहतूक कोंडी नसतानाही दहा-अकरा तास फुकट गेलेले असतात. म्हणून प्रत्येक प्रसूतिगृहाने आपल्या प्रयोगशाळेशी करार करतानाच काही गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. रात्रीच्या नमुन्यासाठी कोणाला फोन करायचा, रविवारी आणि गणपती-दिवाळीच्या सुट्टीत नमुना कोण नेणार, प्रयोगशाळेत बाटली रात्रीही यंत्रात घातली जाते का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहाटे तीन वाजता बाटली पॉझिटिव्ह झाली तर ती कोण उघडणार? यंत्र वेळेवर इशारा देते, पण तो ऐकायला तिथे माणूस नसेल तर पुढचे सहा तास कोणीही काही करत नाही. माझ्या मते नवी महागडी चाचणी सुरू करण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे मिळवणे अधिक मोलाचे आहे.

नमुना नेताना मे महिन्याच्या दुपारी दुचाकीच्या डिकीत बाटली ठेवू नये. बर्फ नसलेली, उष्णतारोधक पेटी पुरते.

कल्चर येण्याआधीच्या रक्ततपासण्या

पांढऱ्या पेशींची संख्या, न्यूट्रोफिल पेशी, अपक्व पेशींचे प्रमाण आणि सीआरपी (संसर्गात रक्तात वाढणारे एक प्रथिन) या तपासण्या तासा-दोन तासांत मिळतात. आपल्याकडे त्यांना मिळून 'सेप्सिस स्क्रीन' म्हणतात. पांढऱ्या पेशी ५,००० पेक्षा कमी असणे, अपक्व आणि एकूण न्यूट्रोफिलांचे गुणोत्तर ०.२ पेक्षा जास्त असणे, सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असणे, न्यूट्रोफिल वयाच्या मानाने कमी असणे आणि मायक्रो-ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) वाढलेला असणे, यांपैकी दोन किंवा अधिक बाबी असल्या तर स्क्रीन पॉझिटिव्ह मानतात.

या तपासण्यांतून शरीराचा प्रतिसाद दिसतो. जंतूचे नाव किंवा कोणते औषध चालेल हे कळत नाही. सीआरपी संसर्ग सुरू झाल्यापासून सहा ते बारा तासांनी वाढू लागते. त्यामुळे अगदी सुरुवातीला घेतलेली एकच सीआरपी कमी आली म्हणून बाळाला घरी पाठवणे चूक आहे. २४ तासांनी ती पुन्हा करावी. प्रोकॅल्सिटोनिन हा संसर्गात वाढणारा दुसरा घटक काहीसा लवकर वाढतो, परंतु निरोगी बाळातही पहिल्या दोन दिवसांत ते नैसर्गिकरीत्या वाढलेले असते, म्हणून त्या काळात मोठ्यांचे निकष लावू नयेत. या चाचण्यांचा खरा उपयोग उलट बाजूने आहे : बाळ चांगले दिसत असेल, कल्चर निगेटिव्ह असेल आणि सीआरपी दोनदा कमी आली असेल, तर प्रतिजैविक थांबवण्याचे धैर्य डॉक्टरांना मिळते.

बाटली पॉझिटिव्ह झाली : पहिला तास

बाटलीतील थेंब काचपट्टीवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, म्हणजे ग्रॅम स्टेन, ही सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत उपयोगी वेगवान चाचणी आहे. तिला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि खर्च नगण्य असतो. गुलाबी दांडके दिसले, म्हणजेच ग्रॅम-निगेटिव्ह बॅसिलाय, तर आपल्याकडच्या एनआयसीयूत ते गंभीरच मानावे. जांभळ्या गोलाकार जंतूंचे घोस दिसले तर स्टॅफिलोकॉकस, साखळी दिसली तर स्ट्रेप्टोकॉकस किंवा एन्टरोकॉकस, आणि अंकुर फुटलेल्या मोठ्या पेशी दिसल्या तर यीस्ट. हा निष्कर्ष संगणकात टाकून कोणीतरी वाचेल म्हणून वाट पाहू नये. बाळावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना थेट फोन करावा, त्यांच्याकडून निष्कर्ष परत म्हणवून घ्यावा, आणि कोणाशी किती वाजता बोलणे झाले ते वहीत लिहावे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश हा फोनला पर्याय ठरत नाही.

ग्रॅम स्टेननंतर वेग वाढवण्याचे तीन मार्ग आहेत, आणि प्रयोगशाळेच्या ऐपतीनुसार ते एकत्र किंवा वेगवेगळे वापरता येतात.

पहिला मार्ग मल्टिप्लेक्स पीसीआरचा. बायोफायर फिल्मॲरेच्या ब्लड कल्चर पॅनलसारख्या चाचणीत पॉझिटिव्ह बाटलीतील सुमारे ०.२ मिलिलिटर द्रव पुरतो आणि तासाभरात एकाच वेळी ४३ लक्ष्ये (जंतू आणि जनुके) तपासली जातात. त्यांत क्लेब्सिएला, ई. कोलाय, ॲसिनेटोबॅक्टर, ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस, कॅन्डिडाच्या काही जाती, आणि एनडीएम, ऑक्सा-४८, सीटीएक्स-एम, मेक-ए यांसारखी प्रतिकार निर्माण करणारी जनुके येतात. एनडीएम सापडले, तर मेरोपेनेम हे प्रतिजैविक चालण्याची आशा सोडून उपचार त्याच दिवशी बदलता येतो. साध्या पद्धतीत हेच कळायला आणखी दोन दिवस गेले असते.

परंतु या अहवालाचे वाचन फार जपून करावे. जनुक सापडले तर प्रतिकार आहे असे धरावे. जनुक सापडले नाही म्हणजे औषध लागू पडेल असे मात्र धरू नये. ॲसिनेटोबॅक्टर हे याचे ठळक उदाहरण आहे. आपल्या देशात त्याचा मेरोपेनेमला होणारा प्रतिकार बहुतांशी ऑक्सा-२३ या जनुकामुळे असतो, आणि ते या पॅनलच्या यादीत नाही. पॅनलवर ॲसिनेटोबॅक्टर पॉझिटिव्ह आणि सर्व जनुके निगेटिव्ह पाहून मेरोपेनेमवर निर्धास्त राहिल्यास बाळाचा बहुमोल वेळ जातो. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचेही तसेच : पॅनल त्याला प्रतिकार देणारे एमसीआर-१ हे जनुक शोधते, पण क्लेब्सिएलात हा प्रतिकार पुष्कळदा जंतूच्या गुणसूत्रातील बदलांमुळे येतो आणि तो या चाचणीला दिसत नाही. प्रयोगशाळेने अहवालाखाली ही मर्यादा स्पष्ट मराठी किंवा इंग्रजी वाक्यात लिहावी, असा माझा आग्रह आहे.

दुसरा मार्ग माल्डी-टॉफ यंत्राचा. जंतूच्या प्रथिनांच्या वजनांवरून हे यंत्र काही मिनिटांत त्याचे नाव सांगते. नेहमी त्यासाठी प्लेटवरची रात्रभराची वाढ वापरतात, पण पॉझिटिव्ह बाटलीतील थेंब प्लेटवर लावून चार ते सहा तासांत आलेल्या विरळ वाढीवरूनही ग्रॅम-निगेटिव्ह जंतू बहुधा ओळखता येतात. यंत्र महाग आहे, मात्र एका नमुन्यामागचा खर्च अगदी थोडा असतो. म्हणून मोठ्या प्रयोगशाळेला नमुने पाठवणाऱ्या लहान प्रसूतिगृहांना हा मार्ग पीसीआरपेक्षा परवडतो.

तिसरा मार्ग मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत उद्यापासून सुरू करता येतो. पॉझिटिव्ह बाटलीतील द्रव थेट म्युलर-हिंटन ॲगर या जंतू वाढवण्याच्या माध्यमावर पसरवून प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवायच्या आणि युरोपीय युकॅस्ट संस्थेच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे ४, ६ आणि ८ तासांनी वाढ न झालेले वर्तुळ मोजायचे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागते ती शिस्त. द्रव १०० ते १५० मायक्रोलिटरच घ्यायचा, तो पातळ करायचा नाही, प्लेट ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटे इकडे-तिकडे वाचायची, आणि त्या वेळेसाठी व त्या जंतूसाठी दिलेलेच मापदंड वापरायचे. वर्तुळाची कड अस्पष्ट असेल तर अंदाज न बांधता पुढच्या वेळेपर्यंत थांबायचे. ही पद्धत ठरावीक जंतूंपुरतीच प्रमाणित आहे, म्हणून जंतूचे नाव कळल्याशिवाय अहवाल देता येत नाही. माल्डी-टॉफची जोड मिळाली तर हे दोन मार्ग एकमेकांना उत्तम पूरक ठरतात. मेरोपेनेम चालेल की नाही हे सकाळी पॉझिटिव्ह झालेल्या बाटलीतून त्याच संध्याकाळी सांगता येते. प्लेटवर वाढ आल्यानंतर कार्बापेनेमेज (मेरोपेनेमसारखी औषधे निकामी करणारी विकरे) शोधणारी, गर्भधारणा-चाचणीसारखी दिसणारी पट्टीही मिळते. ती १५ मिनिटांत एनडीएम, केपीसी, ऑक्सा-४८, व्हीआयएम आणि आयएमपी यांपैकी कोणते विकर आहे ते दाखवते.

यांपैकी कोणताही मार्ग निवडला, तरी नेहमीचे कल्चर आणि संपूर्ण संवेदनशीलता तपासणी (जंतूवर कोणते औषध लागू पडते ती) बंद करायची नाही. औषधाचे अंतिम नाव आणि मात्रा तीच ठरवते.

कॉन्स आले तर

कॉन्स हा त्वचेवरचा जंतू असल्याने तो बाटलीत दूषित म्हणूनही येतो आणि कमी दिवसांच्या, कॅथेटर लावलेल्या बाळात खरा रोगही करतो. दोन वेगळ्या जागांहून घेतलेल्या बाटल्यांत तोच जंतू आला, बाटली २४ तासांच्या आत पॉझिटिव्ह झाली आणि बाळात लक्षणे असली, तर तो खरा मानण्याकडे कल ठेवावा. पीसीआरने कॉन्स तासाभरात ओळखला म्हणून तो खरा ठरत नाही. वेगवान चाचणी दूषित जंतूही तितक्याच वेगाने दाखवते, आणि मग विनाकारण व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक सुरू होते. त्वचा नीट वाळू देण्याचा आग्रह का धरायचा, हे इथे कळते.

पाठीच्या कण्यातील पाणी

सेप्सिस झालेल्या बाळाला मेंदुज्वरही असू शकतो, म्हणून बाळाची स्थिती साथ देत असेल तेव्हा डॉक्टर कण्यातील पाणी तपासतात. पेशी मोजणे आणि साखर तपासणे तासाभरात व्हायला हवे, कारण पेशी लवकर फुटतात. कल्चरचा नमुना इथेही फ्रिजमध्ये ठेवू नये. मेंदुज्वरासाठीचे मल्टिप्लेक्स पीसीआर पॅनल तासाभरात उत्तर देते, पण त्याच्या यादीतील जिवाणू सहाच आहेत : ई. कोलायचा के-१ प्रकार, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, लिस्टेरिया, मेनिन्गोकॉकस, ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस आणि न्यूमोकॉकस. क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर त्यात नाहीत. आपल्या एनआयसीयूत सर्वाधिक दिसणारे जंतूच ज्या चाचणीला दिसत नाहीत, तिचा निगेटिव्ह अहवाल पाहून मेंदुज्वराचा उपचार थांबवणे धोक्याचे आहे. पाण्यातील पेशी, ग्रॅम स्टेन आणि कल्चर यांवरच निर्णय घ्यावा.

निगेटिव्ह अहवालाचेही वेळापत्रक असते

बाटली पाच दिवस यंत्रात ठेवतात, तरी डॉक्टरांना पाच दिवस थांबावे लागत नाही. पुरेसे रक्त घेतलेले असेल, ३६ ते ४८ तासांत वाढ नसेल आणि बाळ उत्तम दूध पीत असेल, तर बहुतेक ठिकाणी प्रतिजैविक थांबवतात. यासाठी प्रयोगशाळेने ३६ आणि ४८ तासांना 'अद्याप वाढ नाही' असा अंतरिम अहवाल स्वतःहून पाठवावा. गरज नसताना लांबलेले प्रतिजैविक बाळाच्या आतड्यातील चांगले जंतू मारते आणि प्रतिकारक्षम जंतूंना जागा मोकळी करून देते. तेच जंतू पुढे शेजारच्या पाळण्यातील बाळापर्यंत पोहोचतात.

सर्व वेळा एका कागदावर लिहिण्याची सवय लावावी : रक्त घेतले, बाटली यंत्रात गेली, बाटली पॉझिटिव्ह झाली, फोन केला, औषध बदलले. महिन्याच्या शेवटी हे कागद एकत्र पाहिले की उशीर नेमका कुठे होतो ते उघड दिसते, आणि सुधारणेसाठी पैसा यंत्रावर खर्चायचा की रात्रपाळीच्या टेक्निशियनवर, हेही ठरवता येते.

आई-वडिलांनी काय करावे

बाळ नीट दूध ओढत नसेल, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा घेत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील, हलवल्याशिवाय हालचाल करत नसेल, अंग गरम किंवा गार लागत असेल, तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालयात न्यावे. श्वास बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर फोन करावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात तपासण्या, औषधे आणि वाहतूक मोफत मिळते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचे महापालिकेचे रुग्णालय ही आपल्या भागातील मोठी सार्वजनिक रुग्णालये आहेत. प्रसूतीनंतर घरी येणाऱ्या आशाताईंना बाळाविषयीची कोणतीही शंका मोकळेपणाने विचारावी.

बाळ दाखल झाल्यावर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे : प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चर घेतले का, ते कोणत्या प्रयोगशाळेत गेले, आणि पहिला अहवाल कधी अपेक्षित आहे? महागडे पीसीआर पॅनल सुचवले गेले, तर त्याने उपचारात काय बदल होईल हेही विचारावे; बाटली अजून पॉझिटिव्ह झालेली नसताना पॉझिटिव्ह बाटलीवर करायची चाचणी करता येत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे. बाळाला दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागले, तर जुन्या ठिकाणच्या बाटलीचा अहवाल नव्या डॉक्टरांपर्यंत आपोआप पोहोचेल असे गृहीत धरू नये. बाटलीचा क्रमांक, प्रयोगशाळेचा फोन आणि रक्त घेतल्याची वेळ कागदावर लिहून घ्यावी, आणि तो कागद बाळाच्या फाइलच्या पहिल्या पानाला लावून सोबत न्यावा.